मेमकॉपी मोजायला बसण्याआधी

मेमकॉपी म्हणजे मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारं सी लायब्ररीचं फंक्शन. त्याचा, किंवा त्याच्या जागी स्वतः लिहिलेल्या रूटीनचा, वेग मोजायचा असेल तर आधी कागद आणि पेन घ्या, मशीन नंतर. जो आकडा येईल असं वाटतं तो मोजण्यापूर्वीच लिहून ठेवायचा. गणित फार नाही. समजा कोअर ३ गिगाहर्ट्झवर चालतोय आणि दर सायकलला (घड्याळाच्या ठोक्याला) ३२ बाइटचा एक स्टोअर, म्हणजे मेमरीत लिहिणं, करू शकतो, तर एल-वन कॅशमध्ये (कोअरला लागून असलेल्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावणाऱ्या डेटावर मेमकॉपी सेकंदाला ९६ जीबीच्या वर जाणार नाही. डेटा रॅममधून येणार असेल तर हिशोब बदलतो. डीडीआर-फोर ३२०० चा एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी देतो, दोन चॅनेल ५१.२. पण कॉपी म्हणजे एकदा वाचलं, एकदा लिहिलं, इतकं सरळ नसतं. ज्या ६४ बाइटच्या कॅशलाइनवर (कॅशमध्ये एका वेळी येणाऱ्या तुकड्यावर) लिहायचंय ती प्रोसेसर आधी रॅममधून ओढून आणतो, मग तिच्यावर लिहितो, मग कधीतरी परत पाठवतो. एका बाइटच्या कॉपीमागे तीन बाइटची ये-जा. ५१.२ चे तीन वाटे केले की १७ च्या आसपास उरतात. नॉन-टेम्पोरल, म्हणजे कॅशला वगळून लिहिणारे, स्टोअर वापरले तर आणायची खेप वाचते आणि मर्यादा २५.६ वर जाते. हा कागद शेजारी असला की स्क्रीनवर ‘सेकंदाला ४०० जीबी’ उमटल्यावर माणूस पेढे आणायला धावत नाही. कंपायलरने लूपच गिळलाय, हे लगेच कळतं.

कंपायलर हे करतोच. मेमसेट करून (बफर, म्हणजे मेमरीचा तुकडा, एकाच बाइटने भरून) तो बफर पुढे कुणी वाचलाच नाही, तर हे काम कशाला करायचं म्हणून तो ते उडवून टाकतो, आणि त्याचं बरोबरच असतं. आकार कोडमध्ये सरळ १६ लिहिलात तर फंक्शनला कॉल जातच नाही. एक लोड (वाचणं) आणि एक स्टोअर जागच्या जागी बसतात. तेव्हा आकार बाहेरून, रनटाइमला आला पाहिजे, बिल्टिन (अशा फंक्शनांची कंपायलरची स्वतःची तयार रूपं) बंद करणारा फ्लॅग लावलेला हवा, आणि प्रत्येक फेरीनंतर ‘मेमरी बदलली असेल’ असं सांगणारी रिकामी व्होलाटाइल असेंब्लीची ओळ हवी. एवढं करूनही डिसअसेम्ब्ली (तयार प्रोग्राममधल्या मशीन सूचनांची यादी) उघडून कॉल खरंच आहे का ते डोळ्यांनी बघा. दरवेळी. ‘मागच्या बिल्डला बघितलं होतं’ हे चालत नाही.

याची उलटी गंमतही आहे. तुम्ही हौसेने स्वतःचा बाइट-बाइट कॉपी करणारा लूप लिहिता, जीसीसी कंपायलर तो ओळखतो आणि त्याच्या जागी मेमकॉपीचा कॉल टाकतो. मग दिवसभर ‘माझं विरुद्ध लायब्ररीचं’ अशी लढत लावता आणि दोन्हीकडे लायब्ररीच खेळत असते. ते फंक्शन स्वतःच मेमसेट असेल तर ते स्वतःलाच बोलावत बसतं आणि स्टॅक संपतो.

आता बफर. मॅलॉकने (मेमरी मागायच्या फंक्शनने) नुकतीच दिलेली मोठी मेमरी लिनक्सवर खरी नसतेच. कर्नलने फक्त शब्द दिलेला असतो. तिच्यावर काहीही न लिहिता नुसतं वाचलंत, तर साध्या ४ केबी पेजेसच्या (कर्नल मेमरी वाटतो त्या तुकड्यांच्या) बाबतीत सगळे पत्ते त्याच एका शून्यांनी भरलेल्या पेजकडे जातात. १ जीबीचा सोर्स वाचतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तेच ४ केबी एल-वनमधून येत असतं. डेस्टिनेशनच्या बाजूला प्रत्येक पेजला फॉल्ट (कर्नलने ऐनवेळी खरं पेज आणून देणं), म्हणजे मोजलं गेलं कर्नलचं काम. म्हणून दोन्ही बफरवर आधी एकदा लिहून घ्या, शून्याखेरीज काहीतरी, आणि मगच घड्याळ लावा.

अलाइनमेंटकडे, म्हणजे बफरचा पत्ता कुठल्या आकड्याच्या पटीत सुरू होतो त्याकडे, नवीन माणसाचं लक्ष जात नाही, कारण मॅलॉक ते झाकून ठेवतो. मोठा तुकडा मागितला की जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) तो एम-मॅपने, थेट कर्नलकडून, आणते आणि पत्ता पेजच्या सुरुवातीपासून १६ बाइटवर देते. सोर्सलाही १६, डेस्टिनेशनलाही १६. म्हणजे हजारो जोड्यांपैकी एकच जोडी तुम्ही रात्रभर मोजताय, आणि तीही सोयीची. दोन्ही बाजूंना ० ते ६३ पर्यंतचे ऑफसेट फिरवा. शिवाय डेस्टिनेशनच्या पत्त्याचे खालचे १२ बिट सोर्सच्या किंचित पुढे ठेवून बघा. इंटेलच्या प्रोसेसरवर पुढचा लोड आधीच्या स्टोअरवर अवलंबून आहे असा भास होतो आणि तो उगाच थांबतो. ग्राफमध्ये मध्येच खड्डा दिसला तर बरेचदा कारण हेच असतं.

मशीनबद्दल मात्र मला अनुभवाचं सांगायचंय. मे महिना, अंधेरी, ऑफिसच्या कोपऱ्यात टेबलाखाली ठेवलेला टेस्टचा डेस्कटॉप. मी संध्याकाळी साडेसहाला जुनं रूटीन चालवलं, मग नवीन. नवीन सात-आठ टक्के हळू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवीन कोड टाकून द्यायची तयारी झाली होती. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून क्रम उलटा केला, तर जुनं हळू निघालं! बिल्डिंगचा सेंट्रल एसी सातला बंद होत होता. जे रूटीन दुसऱ्या नंबरला चालायचं त्याच्या वाट्याला मुंबईचा मे यायचा, टर्बो (प्रोसेसरचा वाढीव वेग) खाली यायचा आणि मी दोष कोडला देत होतो. त्यात मी सायकल मोजतोय असं समजून टाइमस्टॅम्प काउंटर वाचत होतो. आजकालच्या प्रोसेसरवर तो ठरलेल्या गतीने चालतो. कोअर मंदावला म्हणून तो मंदावत नाही. त्यामुळे ‘सायकल वाढल्या’ असं दिसत होतं, ज्या वाढल्या नव्हत्याच. कोअरच्या खऱ्या सायकल हव्या असतील तर लिनक्सच्या पर्फ या साधनातून हार्डवेअर काउंटर वाचा.

तेव्हापासून आधी सगळं एक आणि मग सगळं दोन, असं मी चालवत नाही. एक, दोन, दोन, एक, असा क्रम फासे टाकून ठरवतो. टर्बो बंद, गव्हर्नर (कोअरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर, प्रोसेस टास्कसेट कमांडने एका कोअरला बांधलेली, त्या कोअरचा हायपरथ्रेडचा जोडीदार (त्याच कोअरवर चालणारा दुसरा थ्रेड) रिकामा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला. क्लाउडच्या व्हर्च्युअल मशीनवर मोजायचा हट्ट असेल तर शेजारी कोण राहतंय हे आपल्याला दिसत नाही एवढं लक्षात ठेवा.

कुठल्या आकारांवर मोजायचं, हे ठरवण्यात सर्वात जास्त वेळ घालवा. १ एमबीची कॉपी मोजायला मजा येते, ग्राफ गुळगुळीत येतो, पण बऱ्याच प्रोग्रामांत बहुतेक कॉल थोड्याशा बाइटचे असतात. आणि एकच आकार लाखभर वेळा दिला तर ब्रँच प्रेडिक्टर (कोड पुढे कुठे वळेल याचा अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) तो पाठ करतो. टपरीवर रोजचं गिऱ्हाईक वळणावर दिसलं की न विचारता कटिंग पुढे येतो ना, तसं. खऱ्या प्रोग्राममध्ये गिऱ्हाईक दर वेळी नवीन असतं. त्यासाठी तुमच्याच सॉफ्टवेअरमधून एक दिवसाचे आकार लॉग करा, पिसून घ्या आणि तेच वापरा. लांबलचक अनरोल केलेलं (लूपच्या फेऱ्या उलगडून सलग लिहिलेलं) रूटीन मोजणीत छान दिसतं आणि प्रत्यक्षात इन्स्ट्रक्शन कॅशमधून दुसऱ्याचा कोड हाकलून देतं, हे मात्र छोट्या चाचणीत दिसत नाही. शेवटी एकदा पूर्ण प्रोग्राम चालवून बघावाच लागतो.

वेगाआधी बरोबर चालतंय ना, ते. सगळे लहान आकार, सगळे ऑफसेट, दोन्ही बाजूंना खुणेचे बाइट, आणि बफर पेजच्या अगदी काठाला लावून पुढचं पेज वाचायला बंद केलेलं. एक बाइट जास्त वाचला तरी तिथल्या तिथे क्रॅश. एकावर एक येणाऱ्या जागांसाठी मेममूव्ह आहे, मेमकॉपी नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर ६४ बिटच्या फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या प्लगइनचा) आवाज खरखरायला लागला होता. जीलिबसीची नवी, वेगवान मेमकॉपी काही प्रोसेसरवर मागून पुढे कॉपी करत होती आणि फ्लॅश तिला एकमेकांवर येणाऱ्या जागा देत होतं. नियम फ्लॅशने मोडला होता, पण शिव्या लायब्ररीने खाल्ल्या. पुढे जीलिबसीच्या २.१४ आवृत्तीत मेमकॉपीला नवं सिम्बॉल व्हर्जन (नावाला जोडलेला आवृत्तीचा शिक्का) दिलं आणि जुन्या बायनरींना मेममूव्हसारखं वागणारं रूप मिळत राहिलं.

लायब्ररीशी तुलना करताना तिचं कुठलं रूप चालतंय ते लिहा. जीलिबसी प्रोग्राम लोड होताना किंवा पहिल्या कॉलला प्रोसेसर बघून ते निवडते. तुमच्याकडे एव्हीएक्स-टू (३२ बाइटच्या रजिस्टरचं रूप), दुसऱ्याकडे रेप मूव्हएसबी (कॉपीच्या एकाच मशीन सूचनेचं), आणि दोघं म्हणताय ‘मेमकॉपी’. पहिला कॉल सिम्बॉल शोधण्यात जाऊ शकतो, तो मोजणीत धरू नका.

फाइलमध्ये कच्चे आकडे सगळे ठेवा, नुसती सरासरी नको; एकदा मध्येच अपडेट सुरू झालं की सरासरी वाया जाते, मी मीडियन आणि किमान दोन्ही बघतो. सोबत प्रोसेसरचं मॉडेल, मायक्रोकोड, कर्नल, कंपायलर, सगळे फ्लॅग. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्टॅकच्या वरच्या टोकाला बसतात, त्यामुळे नुसतं युजरनेम लांब असलं तरी स्टॅक सरकू शकतो आणि तिथलं अलाइनमेंट बदलू शकतं. तेही टिपून ठेवा. तारीख आणि वेळ लिहा. आणि वॉचमनला विचारून घ्या, एसी किती वाजता बंद करतात.