पावसाळी सल्ला: कोंबडीची अन्नपिशवी सकाळी चाचपा

पाऊस लागला की परसातलं गवत बघता बघता गुडघ्याला येतं आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात. कोवळं असेपर्यंत ठीक. निबर, वीतभर लांब पाती मात्र अख्खी गिळली जातात आणि गळ्याखालच्या अन्नपिशवीत त्यांचा गुंता होतो.

ही पिशवी मानेच्या बुडाशी, छातीच्या उजव्या अंगाला असते. दाणा इथे भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा पुढे जठरात, मग पथरीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, सरकतो. म्हणून संध्याकाळी ती टम्म दिसली तर कोंबडी पोटभर चरली एवढाच अर्थ. घाबरून रात्रीच तेल पाजायला बसू नका. शंका असेल ती कोंबडी फक्त पाणी ठेवून वेगळी कोंडा आणि सकाळी दाणे टाकण्याआधी चाचपा. रिकामी पिशवी बोटांना जवळजवळ लागतच नाही. रात्र उलटूनही भरलेली लागली, तर काहीतरी अडलंय.

आता ती कशी लागते ते बघा. घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा, दाबला की खळगा तसाच राहतो, आत कधी काडीही टोचते: पिशवी तुंबली आहे. खाद्य काढून घ्या. ड्रॉपरने कोमट पाणी आणि दोन-तीन मिली खाद्यतेल चोचीच्या कडेने थेंब थेंब द्या. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, त्यामुळे भसकन पिचकारी मारली तर तेल थेट फुप्फुसात जातं. मग कोंबडी काखेत धरून गोळा बोटांनी हलक्या हाताने मोकळा करत राहा. पाचेक मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गोळा सैल होऊ लागला की भिजवलेलं मऊ खाद्य चमचा-चमचा सुरू करा. दोन दिवसांत फरक नसेल तर पशुवैद्यकाकडे न्या. ते पिशवी उघडून साफ करू शकतात. घरी ब्लेड घेऊन हा प्रयोग करू नये.

हाताला पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर ती आंबली आहे. आत कँडिडा नावाची बुरशी वाढलेली असते, कधी तोंडात पांढरट चट्टेही दिसतात. इथे बहुतेक जण हाताशी असलेलं अँटिबायोटिक देतात आणि तिथेच चुकतात. बुरशीवर ते चालत नाही, उलट तिला आवर घालणारे चांगले जिवाणू मरतात. गूळ, साखर, पावही नको, या बुरशीला तेच हवं असतं. निस्टॅटिनसारखं बुरशीनाशक औषध पशुवैद्यकाने वजन बघून द्यायचं असतं. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही त्यांनाच विचारा.

कोंबडी उलटी धरून ते आंबट पाणी ओतून काढायचा सल्ला फार मिळतो. मीही एकदा ऐकला होता. पाणी निघालं, पण थोडं श्वासनळीत गेलं आणि कोंबडी हातातच गेली. तेव्हापासून या वाटेला मी जात नाही.

पिशवी कायमची सैल पडून लोंबू लागली तर ती सहसा पूर्ववत होत नाही. थोडं थोडं खाद्य अनेकदा देऊन सांभाळावं लागतं.

बरी होऊन पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर मूळ दुसरीकडे शोधा: जंत, अडकलेलं अंडं, मरेक्स या विषाणूजन्य रोगाने लुळी पडलेली नस. आणि एकाच वेळी चार-पाच पक्षी मलूल, हिरवी पातळ विष्ठा, माना वाकड्या असं दिसलं, तर पिशवी चाचपत बसू नका. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग असू शकतो. आजारी पक्षी वेगळे करून लगेच पशुवैद्यकाला कळवा.

बाकी काळजी सोपी आहे. गवत आखूड ठेवा आणि कापलेल्या गवताचा ढीग कोंबड्यांपुढे टाकू नका. भिजून बुरसलेलं खाद्य फेका, पाण्याचं भांडं रोज घासा. सुतळी, प्लॅस्टिकचे धागे दिसतील तिथे उचला. पथरीला दळायला बारीक कठीण खडे कायम लागतात. शिंपल्यांचा चुरा त्यांची जागा घेत नाही, तो पोटातल्या आम्लात विरघळतो. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली की अधाशासारखी खाते. तिला पहिले दोन दिवस हात आखडूनच वाढा.