थर्ड पर्सन इफेक्टवर प्रबंध करताय? मग वजाबाकी जपून करा

थर्ड पर्सन इफेक्ट म्हणजे माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो, असं माणसाला वाटणं. दर वर्षी सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाचा आराखडा सादर करायच्या मोसमात ज्युनिअर मंडळींचे मेसेज येतात आणि बहुतेकांचा आराखडा एकच असतो. 'माध्यमांचा तुमच्यावर किती परिणाम होतो?' आणि 'इतरांवर किती?' असे दोन प्रश्न, दोन सरासऱ्या. दुसरी मोठी आली की निष्कर्ष तयार. अहो, ती मोठीच येणार! पॉल आणि सहकारी संशोधकांनी 2000 साली 32 अभ्यास एकत्र करून ते दाखवलंय. परीक्षक फक्त 'बरं, मग पुढे?' एवढंच विचारतो, आणि तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते.

ही कल्पना मांडणाऱ्या डेव्हिसन यांचा 1983 चा मूळ लेख स्वतः वाचा. गाईडच्या पिवळ्या पडलेल्या नोट्समधून नको, आदल्या रात्रीच्या यूट्यूब व्हिडिओतून तर नकोच. त्यात त्यांनी एका इतिहासकाराकडून ऐकलेला दुसऱ्या महायुद्धातला, जपानच्या इवो जिमा बेटावरचा किस्सा आहे. अमेरिकी सैन्याची एक तुकडी, सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. जपान्यांनी पत्रकं टाकली: हे गोऱ्यांचं युद्ध आहे, आमचं तुमच्याशी वैर नाही. दुसऱ्या दिवशी तुकडी मागे घेतली गेली. पत्रकांनी सैनिक बिथरल्याचा पुरावा नाही. हलले ते अधिकारी, आणि तेही सैनिक बिथरतील या धास्तीने. वर्गात सगळ्यांना 'मी आणि इतर' यांतली दरी पाठ असते, पण मागे घेतलेल्या तुकडीचं कुणाच्या लक्षात राहत नाही. खरा विषय तिथेच आहे: इतरांवर परिणाम होईल असं मानून माणूस काय करतो.

आता ज्या खड्ड्याने माझे कित्येक महिने खाल्ले, तो. जरा लांबण लागेल, पण वाचाच.

आपण 'इतर' वजा 'मी' असा एक आकडा काढतो आणि तोच पुढे बंदीच्या मागणीशी, सेन्सॉरशिपच्या पाठिंब्याशी जोडायला जातो. समजा, सातच्या मोजपट्टीवर एका बाईंनी स्वतःला 1 दिला, इतरांना 4. दुसऱ्या गृहस्थांनी स्वतःला 4, इतरांना 7. दोघांची वजाबाकी 3. एसपीएसएसच्या (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या) लेखी दोघं सारखेच. पण बाईंना वाटतं, फार काही बिघडत नाही. गृहस्थांना वाटतं, समाज हातचा गेला. बंदीच्या अर्जावर सही कोण करेल? वजाबाकीत नेमकं तेच पुसलं जातं. त्यात काही जण रिग्रेशनमध्ये (कशामुळे काय बदलतं, हे आजमावणाऱ्या गणितात) 'मी', 'इतर' आणि 'दरी' तिन्ही घालतात. दोन आकडे ठाऊक असले की तिसरा आपोआप ठरतो, त्यामुळे सॉफ्टवेअर एक बाहेर फेकतं आणि आपण रात्रभर डेटा एंट्रीतली चूक शोधत बसतो. तुमची एंट्री बरोबर असते. दरी आहे की नाही, एवढं बघायला वजाबाकी चालते. पुढच्या वागणुकीशी जोडताना 'मी' आणि 'इतर' वेगवेगळे घाला.

गंथर आणि स्टोरी यांचा 2003 चा नेपाळमधला अभ्यास म्हणूनच मला सगळ्यात आवडतो. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक रेडिओ मालिका होती. ऐकणाऱ्या सामान्य लोकांनी गृहीत धरलं की कर्मचारी यातून काही शिकतील, आणि त्यांच्या दवाखान्याकडून अपेक्षा वाढल्या. इथे दरीचं कौतुकच नाही. दुसऱ्यावर परिणाम झालाय असं मानून मी काय करतो, इतकाच प्रश्न. आणि संदेश चांगला असला तरी हे घडतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट: 'इतर' म्हणजे कोण, ते प्रश्नात लिहा. माझ्या पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, एक निवृत्त बँक कर्मचारी म्हणाले, 'मी तीन पेपर वाचतो हो, माझ्यावर काय होणार! पण गावाकडचे लोक फॉरवर्ड बघून लगेच पेटतात.' त्याच आठवड्यात त्यांच्याच गावातल्या एका शेतकऱ्याने ऐकवलं, 'आमाला रानातनं टाइम कुटं? पेटत्यात ती शहरातली, मोबाइल घेऊन बसल्याली.' दोघांनीही फॉर्मवर 'इतरांवर' समोर 6 वर गोल केला होता. त्या दोन सहांची सरासरी काढून काय मिळणार? म्हणून 'तुमच्या सोसायटीतले', 'तुमच्या तालुक्यातले', 'राज्यातले मतदार' असं विचारा. माणूस जितका लांबचा, तितका तो भोळा ठरतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. तुमच्याकडे तसं आलं नाही तर घाबरू नका. उलट ते जास्त वाचनीय प्रकरण होईल.

विषय मिळत नाही म्हणून रडू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 126अ घ्या, मतदान चालू असताना एक्झिट पोल दाखवायला बंदी. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत 'माझं मत फिरेल' म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. कायद्याकडे ओढा असेल तर भगवतीचरण शुक्ल खटल्यातला नागपूर उच्च न्यायालयाचा निकाल काढा. न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या मापाने जोखावा, दुबळ्या मनाच्या माणसाच्या नव्हे. म्हणजे 'इतर' कसे धरायचे, याचाच तो निवाडा. आमच्या विभागांत हा निकाल कुणी वाचत नाही, वाईट वाटतं.

गाईडबद्दल एकच. 'तीनशे फॉर्म भरून आणा, मग बघू' म्हणणारे गोड बोलतात, पण 'मग' काही बघत नाहीत. वीस माणसांशी समोर बसून बोलायला लावणारा खडूस गाईड पत्करला. आकडेमोडीची भीती मात्र बाळगू नका, इथे लागते ती चार दुपारींत जमते.

आणि निवडणुकीवर काम करणार असाल तर फॉर्म मतदानाआधीच भरून घ्या. निकाल लागल्यावर विचारलंत तर लोक कशाने बहकले, हे ज्याला त्याला आधीपासूनच माहीत असतं.