बागेतल्या आइस्क्रीमचा गुत्ता देताना: आधी मीटर, मग निविदा

मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत मिळकत विभागाचं टेबल माझ्याकडे होतं, तेव्हा बागेतल्या खाऊच्या आणि आइस्क्रीमच्या स्टॉलचा गुत्ता, म्हणजे ठेका, मी दिला होता. टिपणी (मंजुरीसाठी फिरणारा कार्यालयीन प्रस्ताव), ठराव, जाहिरात, करारनामा, सगळं कागदावर जिथल्या तिथं होतं. तरी आइस्क्रीमचा स्टॉल बाराव्या दिवशी बंद पडला आणि चूक माझी होती. आता दिवाळी झाली की हीच फाइल कुणाकुणाच्या टेबलावर येईल, म्हणून ही तयारी लिहितोय. विसरलेली गोष्ट आधीच सांगतो, पुढेही सांगत राहणार आहे: वीज. स्टॉलचं स्वतःचं मीटर, आणि त्यात दिवसा येणारी वीज.

सुरुवात जागेच्या कागदापासून करा. बाग पालिकेची आहे हे गावाला माहीत असतं, उताऱ्याला माहीत असेलच असं नाही. लेआउटमधल्या खुल्या जागेवर केलेल्या बऱ्याच बागा वर्षानुवर्षं पालिकेच्या ताब्यात असतात, आणि सातबारा किंवा पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) काढलं की नाव निघतं मूळ जमीनमालकाचं. निविदेत कुणी हरकत घेईल ही भीती आहेच. पण त्याहून मोठी अडचण पुढे आहे. वीज कंपनी नवीन जोडणी देताना मालकीचा कागद किंवा मालकाचं ना हरकत पत्र मागते. उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं असेल तर तुमचं ना हरकत पत्र तिथं चालणार नाही, आणि मीटर अडकेल. म्हणून उतारा पहिल्या दिवशी काढा.

मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त धरू नका. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 92 प्रमाणे पालिका आपल्या पातळीवर स्थावर मिळकत तीन वर्षांपर्यंतच भाड्यानं देऊ शकते. पुढे वाढवायचं तर वरची परवानगी लागते, आणि एकूण नऊ वर्षांच्या वर जाता येत नाही. भाडेकरूला पक्कं बांधकामही करता येत नाही. म्हणजे पत्र्याचा किंवा फॅब्रिकेशनचा, उचलून नेता येईल असा स्टॉल. "नुसता चौथरा बांधू द्या साहेब" म्हणतील. देऊ नका. चौथऱ्यावर पुढच्या वर्षी भिंत उभी राहते.

वेळेचं गणित उलटं मांडा. आपल्याकडे संक्रांत उलटली की दुपारी ऊन लागायला सुरुवात होते. मार्चमध्ये बाग संध्याकाळी भरते, मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की सहाच्या आधी कुणी फिरकत नाही आणि साडेआठनंतरही हलत नाही. गुत्तेदाराचा वर्षाचा पैसा या चार महिन्यांत निघतो. आर्थिक वर्ष धरून 1 एप्रिलपासून गुत्ता सुरू करायची सवय आपल्या कार्यालयांना आहे, ती सोडा. 1 फेब्रुवारीला स्टॉल उघडायचा तर नोव्हेंबरात टिपणी फिरली पाहिजे. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागू शकते, सभा तहकूब होऊ शकते, पहिल्या जाहिरातीला पुरेसे देकार (बोली) येत नाहीत आणि फेरनिविदा काढावी लागते. आणि मीटरचा अर्ज. तो या सगळ्याच्या आधी गेला पाहिजे, नंतर नाही.

आता जे घडलं ते सांगतो. स्थळपाहणीला मी आणि अभियंता संध्याकाळी सातला गेलो होतो, कारण दिवसभर दुसरी कामं होती. बागेत सगळे दिवे लागलेले, कारंजं चालू. मी टिपणीत लिहिलं, "जागेवर वीज व पाणी उपलब्ध आहे." तेच वाक्य निविदेच्या अटींत गेलं. बागेचं कनेक्शन दिवाबत्तीचं होतं आणि त्याला टायमर होता. संध्याकाळी साडेसहाला चालू, सकाळी सहाला बंद. गुत्तेदारानं भरोसा ठेवून दोन डीप फ्रीजर आणले, त्याच लाइनवर जोडले आणि पहिल्या रात्री माल भरला. सकाळी सहाला दिव्यांबरोबर फ्रीजरही बंद झाले. भरलेला फ्रीजर झाकण न उघडता काही तास थंडी धरून ठेवतो, पण विक्रीच्या दिवशी झाकण दर पाच मिनिटांनी उघडतं. रात्री पुन्हा वीज, माल पुन्हा गोठायचा. आइस्क्रीम उणे 18 अंशांवर किंवा त्याखाली राहिलं पाहिजे. एकदा मऊ होऊन पुन्हा गोठलं की ते पूर्वीचं राहत नाही. आतली हवा निघून जाते आणि कपातला गोळा अर्ध्यावर बसतो, झाकणाला आतून बर्फ धरतो, जिभेला खडे लागतात. एक आजी नातवाला घेऊन परत आल्या. कँडीचा कागद फाडला तर नुसती काडी पोराच्या हातात आली, कँडी कागदात चपटी होऊन बसलेली. पोरगं रडत होतं आणि आजी मला विचारत होत्या, "नगरपालिकेनं ठेवलेलं दुकान आहे ना हे?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे गुत्तेदाराच्या पोरानं पंपघरातून वायर ओढली. पाठोपाठ वीज कंपनीचं भरारी पथक आलं. ज्या कारणासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कारणासाठी वापरली, तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. जोडणी पालिकेच्या नावावर, म्हणून बिल पालिकेला. गुत्तेदारानं भाडं थांबवलं, त्याचं म्हणणं रास्त होतं: अटींत वीज उपलब्ध लिहिलं होतं. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला.

म्हणून "वीज उपलब्ध आहे" हे वाक्य कुणाच्या सांगण्यावरून लिहू नका. दुपारी दोन वाजता बागेत जा. ज्या ठिकाणी स्टॉल ठेवायचा त्याच ठिकाणी उभं राहून टेस्टर लावा. संध्याकाळी पुन्हा जा आणि व्होल्टेज मोजा. बाग गावाच्या कडेला, लाइनच्या शेपटाला असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर नुसता गुरगुरत राहतो, थंड करत नाही. लोड ठरवताना फ्रीजरच्या मागच्या पट्टीवरचा आकडा वाचा आणि त्यावर थोडं वाढवून धरा. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढतो, आणि गुत्तेदार उद्या मिक्सर आणि पाणी थंड करायचं मशीन आणणारच. जोडणी व्यापारी दराची, मीटर स्टॉलचं स्वतंत्र. माझं मत असं की अर्ज पालिकेनंच आधी करावा, वीज कंपनीच्या कोटेशनची रक्कम भरावी, मीटर बसवून घ्यावं आणि खर्च निविदेत दाखवून वसूल करावा. "गुत्तेदार त्याचं बघून घेईल" म्हटलं की त्याचा मार्च मीटरच्या मागे फिरण्यात जातो. मीटर लागेपर्यंत स्टॉल उघडायचाच असेल तर आइस्क्रीमची हातगाडी आत घेऊ द्या. तिच्या पेटीतल्या कोल्ड प्लेट रात्री गोदामावर चार्ज होतात आणि दिवसभर थंडी देतात. पण तो तात्पुरता उपाय. मीटर लागतंच.

पाण्याचंही वाक्य त्याच टिपणीत होतं. बागेचा बोअर उन्हाळ्यात किती चालतो ते माळ्याला विचारा, त्याला अभियंत्यापेक्षा जास्त माहीत असतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. पिण्याचं आणि पदार्थांचं पाणी गुत्तेदारानं बाहेरून आणायचं, धुण्यापुरतं बोअरचं, तेही असेल तर. एवढंच लिहा.

हातची किंमत, म्हणजे निविदेतली किमान रक्कम, ठरवताना मागच्या गुत्त्यावर दहा टक्के चढवून मोकळं होऊ नका. रविवारी संध्याकाळी फाटकापाशी बसून माणसं मोजा, मंगळवारी दुपारीही मोजा. आकडा फुगवला की चढाओढीत कुणीतरी तो घेतो आणि मग छापील किमतीवर पाच रुपये जास्त लावतो, वर म्हणतो "थंड करायचा खर्च". पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. ही अट म्हणून लिहा आणि स्टॉलवर मोठ्या अक्षरात लावायला सांगा, कारण पैसे देणारा लेकरांना घेऊन आलेला असतो आणि वाद घालत बसत नाही. भाडं बारा सारख्या हप्त्यांत घेऊ नका. मार्च ते जून जड हप्ते, पावसाळ्यात हलके. सारखे हप्ते ठेवले की ऑगस्टपासून थकबाकी सुरू होते आणि नोटिसा काढायचं काम तुमच्याच मागे लागतं.

आइस्क्रीम आणि खाण्याचे पदार्थ यांचे गुत्ते वेगळे काढा. एकाच माणसाला दिलं तर भेळ, भजे, कणसं यांत नफा दिसतो आणि आइस्क्रीमकडे दुर्लक्ष होतं, किंवा उलट. तळणाचा स्टॉल झोपाळ्यांपासून आणि घसरगुंडीपासून लांब. गॅसचं सिलिंडर व्यापारी, उघड्यावर पण उन्हात नाही. रसवंती द्यायची असेल तर बर्फ कुठून येतो ते विचारा. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करून विकायचा नियम आहे, निळी लादी दिसली तर तिथंच परत पाठवा. दुधाचं आइस्क्रीम आणि वनस्पती तेलाचं फ्रोझन डेझर्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही विकायला हरकत नाही, पाटीवर मात्र जे आहे तेच लिहिलेलं असावं.

फाटकावरच्या लोकांचा विचार आधी करा. प्रत्येक बागेच्या बाहेर पाणीपुरीवाला, मुरमुऱ्यावाला, फुगेवाली बाई असतात, आणि गुत्तेदार पहिल्याच आठवड्यात म्हणतो, "एवढं भाडं भरतो, यांना हटवा." शंभर मीटरपर्यंत दुसरं कुणी विकणार नाही, अशी अट काही जुन्या नमुन्यांत अजून छापलेली आहे. ती काढून टाका. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत फेरीवाल्याला हटवता येत नाही, आणि पुढेही हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. जे वचन पाळता येत नाही ते निविदेत देऊ नका. माझ्या गुत्त्यात ही अट नव्हती, ती एक गोष्ट बरोबर झाली होती. पंधरा वर्षं तिथं बसणारी फुगेवाली अजून तिथंच बसते. "गुत्तेदाराचा हक्क फक्त बागेच्या कुंपणाच्या आत" असं एक वाक्य लिहा आणि निविदेच्या आधीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.

बाकीच्या अटी थोडक्यात. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), सुरक्षा ठेव, हे सगळ्यांना माहीत आहे. ई-निविदेत दराचा तक्ता लावताना जास्तीत जास्त देकाराचा लावा. कामांच्या निविदांची सवय हाताला असते आणि कमीत कमीचा तक्ता चढवला जातो. जीएसटी देकारात धरून की वेगळा, ते स्पष्ट लिहा. अन्न परवाना किंवा नोंदणी गुत्तेदाराच्या नावानं आणि याच जागेची हवी. पोटगुत्तेदार चालणार नाही. नगरसेवकाचा किंवा त्याच्या भागीदाराचा संबंध असेल तर त्याचं पद जाऊ शकतं, शपथपत्र घ्या. प्लास्टिकच्या काड्या, चमचे, ताटल्या, स्ट्रॉ यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, आइस्क्रीमची काडीही लाकडी. कचऱ्याचे दोन डबे, रोज रात्री रिकामे. आणि वेगळ्या परिच्छेदात, ठळक अक्षरात: मीटर कुणी घ्यायचं, बिल कुणी भरायचं, वीज किती वाजेपासून किती वाजेपर्यंत मिळेल. हा परिच्छेद नसलेला मसुदा मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवूच नका.

लिफाफे उघडताना नेहमीप्रमाणे. पहिल्या लिफाफ्यात परवाना, शपथपत्र, बयाणा. अपात्र ठरवलंत तर कारण त्याच दिवशी लेखी द्या. ठराव, करारनामा, मुद्रांक, ठेव.

कार्यारंभ आदेशाच्या आधी मात्र थांबा. मीटर फिरतंय का, दुपारी, फ्रीजर लावून. फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन वाचा. मगच आदेश.

नंतर महिन्यातून एक पाहणी, वहीत नोंद. वीज बिलाची पावती भाड्याच्या पावतीसोबत मागा. मुदत संपायच्या सहा महिने आधी नवी टिपणी. गुत्तेदार जाताना मीटरवर थकबाकी नाही असा दाखला हातात आल्यावरच ठेव परत करा, आणि मीटर काढू देऊ नका, पुढच्याला तेच लागणार आहे.