नव्या चिपच्या तारखेवर खरेदी अडवून ठेवलीय? या चुका टाळा

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रवेश झाले किंवा दिवाळी तोंडावर आली की सांगलीत एक प्रश्न हमखास येतो: "नवा प्रोसेसर येतोय म्हणे, थांबू का?" विचारणारा विश्रामबागेत राहणारा विद्यार्थी असतो, फोटो स्टुडिओवाला असतो, कधी लॅबसाठी कोटेशन मागवणारे सर असतात. माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे. तारीख राहू द्या, चिप कुठवर आलीय?

चूक पहिली: तारीख बघायची, टप्पा बघायचा नाही

सगळ्यात महागात पडते ती हीच. चिपचा आराखडा संगणकावर तपासून कारखान्याकडे पाठवतात, त्याला टेप-आउट म्हणतात. तिथून पुढे मास्क, म्हणजे आराखडा छापायचे साचे, तयार होणार, वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, शेकडो पायऱ्यांची प्रक्रिया होणार. आधुनिक तंत्रात पहिली चिप हातात यायला तीन-चार महिने सहज जातात, आणि आत काही बिघडलंय का ते खऱ्या अर्थाने तेव्हा कळतं. सॉफ्टवेअरमधली चूक रात्रीत दुरुस्त करून पाठवता येते. इथे नवा मास्क, पुन्हा वेफर, पुन्हा वाट. दोष वरच्या धातूच्या थरांत असेल तर अर्धे तयार करून ठेवलेले वेफर कामी येतात आणि वेळ वाचतो. खालच्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे विजेच्या सूक्ष्म स्विचांच्या, थरांना हात लावावा लागला की पहिल्यापासून सुरुवात. दुरुस्तीची एखादी फेरी वेळापत्रकात धरलेलीच असते, त्यापुढे गेलं की महिने सरकतात. माणसं वाढवूनही ते सावरत नाही. हळदीला आठ-नऊ महिने लागतात, मजूर दुप्पट लावले म्हणून ती चार महिन्यांत काढता येत नाही.

इंटेलचंच बघा. सर्व्हरसाठीच्या आयटेनियमची पहिली चिप १९९८ ला यायची होती, ती आली २००१ मध्ये. चिप बनवायचं १० नॅनोमीटरचं तंत्र २०१६ च्या सुमाराला अपेक्षित होतं. २०१८ मध्ये नावापुरत्या चिपा निघाल्या, लॅपटॉपमध्ये त्या खऱ्या संख्येने दिसल्या २०१९ मध्ये. एकाच उडीत ट्रान्झिस्टर फारच दाट बसवायचे ठरवले होते, चांगल्या चिपांचं प्रमाण वर येईना. सर्व्हरची सॅफायर रॅपिड्स चिप २०२१ वरून जानेवारी २०२३ वर गेली.

याउलट ॲपलने स्वतःची एम१ चिप जाहीर केली १० नोव्हेंबर २०२०ला, आणि आठवड्यात ती असलेले मॅक दुकानात होते. उत्पादन आधीच सुरू होतं, मग तारीख पाळणं अवघड नव्हतं. म्हणून आठवड्यावरची तारीख धरून चाला. दीड वर्षावरची तारीख गुंतवणूकदारांसाठी असते, तुमच्या-माझ्यासाठी नाही.

उशीर म्हणजे हलगर्जीपणा, असं धरून चालणं

एनव्हिडियाने ब्लॅकवेल ही एआयची चिप मार्च २०२४ मध्ये दाखवली आणि ऑगस्टमध्ये मास्क बदलल्याचं सांगितलं. चिप चालत होती, पण चांगल्या चिपा कमी निघत होत्या. चूक आमचीच, असं कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी पुढे जाहीरपणे कबूल केलं. उशीर झाला म्हणून माल वाईट, असं होत नाही. घाईत आलेल्या मालाची भीती जास्त.

पहिल्या लॉटवर तुटून पडणं

जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले आणि त्याच महिन्याच्या शेवटी सोबतच्या चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डवरच्या चिपचा, पुरवठा थांबवावा लागला. हार्ड डिस्क जोडायचे काही साटा पोर्ट काळानुसार मंदावण्याची शक्यता होती. प्रोसेसर ठणठणीत, दोष चिपसेटमध्ये. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च इंटेलने ७० कोटी डॉलर धरला होता. ज्यांनी महिना-दोन महिने दम धरला, त्यांना बोर्ड बदलायची वेळच आली नाही.

अर्धी खरेदी करून बसणं

प्रोसेसर येईल तेव्हा येईल, मदरबोर्ड आणि रॅम आत्ता स्वस्त आहे म्हणून घेऊन ठेवायची. हे नका करू. एएमडीच्या २०२२ च्या रायझन ७००० ला एएम५ हे नवं सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) लागलं आणि फक्त नव्या पिढीची डीडीआर५ रॅम चालली, जुना बोर्ड-रॅमचा संच त्याला कामाचा नव्हता. नुसतं थांबून राहणंही फुकट नसतं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा प्रोसेसरची वाट बघणाऱ्यांचा फायदा रॅमनेच खाल्ला.

आणि लाँच म्हणजे सांगलीत मिळणं नव्हे! जगात लाँच, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारात माल उतरणं आणि इथल्या दुकानदाराला तो रास्त भावात मिळणं, या तीन तारखा आहेत.

आता अडकलाच असाल तर

बोर्ड घेऊन झाला असेल तर त्याच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी बघा. तुमचं मॉडेल यादीत असेल पण बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर, जुना असेल, तर बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते तपासा, त्याने प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून अपडेट होतं. ॲडव्हान्स दिला असेल तर पावतीवर शेवटची तारीख आणि पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या, तोंडी नको. घरचं मशीन आजच्या कामाला अपुरं पडत असेल तर आज मिळतंय ते घ्या, पुरत असेल तर थांबायला हरकत नाही. कॉलेजच्या निविदेत न आलेल्या चिपचं मॉडेल टाकू नका. कोअर, रॅम, वॉरंटी एवढं लिहून पुढे "निविदेच्या तारखेला बाजारात उपलब्ध असलेले" हे शब्द घाला, म्हणजे जूनमध्ये लॅब रिकामी राहत नाही.