सायकलवर वीज बनवायचीय? डायोड आधी लावा

सायकल स्टँडवर चढवून मागच्या चाकाला डीसी मोटर जोडली की ती जनरेटरसारखी चालते, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण मोटर आणि बॅटरीच्या मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाकायचं बरेच जण विसरतात. मग काय होतं, तुम्ही पाय थांबवले तरी चाक आपलं आपण फिरतच राहतं, कारण आता बॅटरीच मोटर चालवतेय! म्हणजे घाम गाळून भरलेलं चार्जिंग उलट वाहून चाललं. डायोडवरची पट्टी बॅटरीच्या प्लसकडे ठेवायची आणि त्यातून जेवढा करंट जाईल त्याच्या निदान दीडपट रेटिंगचा घ्यायचा, शॉट्की प्रकारचा डायोड मिळाला तर उत्तम, त्यात व्होल्टेज कमी वाया जातं.

मोटर परमनंट मॅग्नेटचीच (आत कायमचं लोहचुंबक असलेली) हवी. १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी चार्ज करायला साधारण १४ व्होल्ट लागतात, म्हणून २४ व्होल्टची मोटर बरी, तिच्या निम्म्याहून थोड्या जास्त स्पीडला तेवढे मिळून जातात, जिवाच्या आकांताने पाय मारावे लागत नाहीत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आणि पेडल मारताना बॅटरीची वायर काढू नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि जोडलेली वस्तू जळू शकते.

बाकी फ्रिज, इस्त्री वगैरे विसरा हां. साधा माणूस तासभर टिकून ७५ ते १०० वॉट देतो, त्यातलं वाटेत गळतं ते वेगळं, म्हणजे तासाला ०.१ युनिटसुद्धा हाती लागत नाही. मोबाईल आणि एलईडी दिवे मात्र मजेत चालतात.