विम्याचा क्लेम कमी मिळाला, तर ग्राहक आयोगात दाद कशी मागावी

आरोग्य विम्याचा क्लेम मंजूर होतो, 2,40,000 रुपयांच्या बिलापोटी 1,50,000 रुपये खात्यात जमा होतात, आणि घरात आजारपण असल्यामुळे उरलेल्या रकमेचा पाठपुरावा मागे पडतो. ही रक्कम जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे वकील न लावताही मागता येते. मात्र त्याआधी कपातीचा हिशेब स्वतः मांडावा, कारण माझ्या मते अशा तक्रारीचा सारा जीव त्या एका कागदात असतो.

कपातीचा तपशील कंपनीकडून लेखी मागवावा आणि प्रत्येक रकमेसमोर पॉलिसीतील कोणते कलम लावले आहे ते ताडून पाहावे. खोलीभाड्याच्या मर्यादेपाशी विशेष लक्ष द्यावे. समजा, मर्यादा दिवसाला 5,000 रुपयांची आहे आणि रुग्ण 8,000 रुपयांच्या खोलीत राहिला. अशा वेळी संपूर्ण बिलच त्या प्रमाणात कापले, तर 90,000 रुपये वजा होतात. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने 2020 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्या खर्चाला ही प्रमाणशीर कपात लागत नाही. बिलात अशा बाबींचे 1,60,000 रुपये असतील, तर कपात उरलेल्या 80,000 रुपयांवरच, म्हणजे 30,000 रुपयांची व्हायला हवी, आणि कंपनीकडे तुमचे 60,000 रुपये निघतात. पॉलिसीतील ‘संबंधित वैद्यकीय खर्च’ (म्हणजे ज्यांना प्रमाणशीर कपात लागते ते खर्च) या व्याख्येचे पान या हिशेबाला अवश्य जोडावे.

पैसे देताना ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागितली जाते. सही झाली असली तरी खचून जाऊ नये. ती दबावाखाली किंवा दिशाभूल करून घेतली असल्यास दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र तसे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असल्याने रक्कम हाती पडताच हरकतीचे पत्र पाठवावे.

हिशेबासह कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. 30 दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क जाता येते. पण आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाही, म्हणून त्याच्याकडे जायचे असल्यास आधी जावे. आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, ती डोळ्यांआड होऊ देऊ नये.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि तिचे मूल्य क्लेमवरून नव्हे, भरलेल्या हप्त्यावरून ठरते. ते 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, पॉलिसी, बिले, डिस्चार्ज कार्ड आणि सारा पत्रव्यवहार जोडावा. मागणीत फरकाची रक्कम, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा लिहावा. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीने राज्य आयोगाकडे अपील केले, तर तिला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते.