थाई सासरी नांदताना: कागद, मान आणि मुलांची शाळा

भिक्खूंचे पठण झाले, शंखातून हातांवर पाणी सोडले, मनगटाला पांढरा दोरा बांधला, तरी थाई कायद्याच्या लेखी तुमचे लग्न झालेले नसते. ते होते आम्फोत, म्हणजे तालुका कचेरीत (बँकॉकमध्ये खेत कचेरीत) नोंद झाल्यावर. आणि नुसती नोंद उरकली तर सासरची माणसे लग्न झाले असे मानत नाहीत. दोन्ही करावे लागते, पण कागद आधी लावा.

आपल्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला घ्या, त्याचे थाई भाषांतर करा, त्यावर बँकॉकच्या चेंग वत्थना रस्त्यावरील थाई परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर विभागाचा शिक्का घ्या आणि मग आम्फो गाठा. तिथे मिळते ते प्रमाणपत्र ‘खो रो ३’. नोंदवहीतला उतारा ‘खो रो २’. व्हिसा कचेरी दरवर्षी त्याचीच ताजी प्रत मागते. लग्न भारतात नोंदवले असेल, तर तो दाखला भाषांतर-शिक्क्यानंतर आम्फोत ‘खो रो २२’ म्हणून चढवायचा.

मराठी माणसाची गाडी अडते ती नावावर. पासपोर्टात ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते. एक भाषांतरकार ते जोडून लिहितो, दुसरा मधले नाव गाळतो. मग विवाहपत्रावरचा बाप आणि जन्मदाखल्यावरचा बाप दोन वेगळी माणसे ठरतात. पहिल्याच भाषांतराच्या वेळी थाई लिपीतले स्पेलिंग जोडीदाराकडून तपासून घ्या, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच द्या. थाई कागदांवर बौद्ध संवत असतो, इसवी सनात ५४३ मिळवलेला, म्हणजे २०२६ चे २५६९. तारखाही त्याच वेळी ताडून पाहा. प्रत्येक झेरॉक्सवर ‘प्रत बरोबर आहे’ असे लिहून सही लागते. सही राहिली तर रांगेत पुन्हा शेवटी उभे राहावे लागते.

लग्नाच्या बोलणीतला नाजूक विषय सिनसोतचा. हा पैसा नवऱ्याकडून मुलीच्या आईवडिलांना जातो. हुंड्याच्या नेमका उलट. समारंभात तो सगळ्यांसमोर मांडतात. बरीच कुटुंबे नंतर तो पूर्ण किंवा काही अंशी जोडप्याला परत देतात, पण हे गृहीत धरू नका. मध्यस्थ ज्येष्ठामार्फत आधीच ठरवा: रक्कम किती, मांडायची किती, परत किती. सोने ‘बाट’मध्ये सांगितले तर ते चलन नव्हे, वजन असते, सुमारे १५.२ ग्रॅम; दागिन्याचा कस ९६.५ टक्के.

घरात बोलावताना नात्याचे शब्द वय पाहून बदलतात. आईवडिलांची मोठी भावंडे कोणत्याही बाजूची असोत, पुरुष लुंग, बाई पा. धाकट्यांना मात्र बाजू लागते: आईकडचे ना, वडिलांकडचे आ, मग तो पुरुष असो की बाई. आजी-आजोबा वडिलांकडचे या-पू, आईकडचे याय-ता. सासू-सासऱ्यांना मे आणि फो म्हटले की बरेच काम सोपे होते. वाय, म्हणजे हात जोडून केलेला नमस्कार, धाकट्याने आधी करायचा: ज्येष्ठांना अंगठे नाकाच्या शेंड्याशी, भिक्खूंना भुवयांमध्ये. लहान मुलांना पुढाकार घेऊन वाय करू नका, मान हलवली की पुरे. बाईने भिक्खूच्या हातात काही द्यायचे नाही. ते पुढे कापड पसरतात, त्यावर ठेवायचे. शाकाहारी असाल तर नुसते ‘मांस नको’ पुरत नाही, नाम प्ला हा माशांचा रस आणि कापी ही कोळंबीची चटणी जवळपास सगळ्यात असते. ‘जे’, म्हणजे काटेकोर शाकाहार, म्हणालात तर दोन्ही जातील, पण कांदा-लसूणही जाईल. मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना दरमहा पैसे द्यावेत, ही रीत सासूबाईंना सहज वाटते. आकडा नवरा-बायकोने आधी ठरवावा, नाहीतर प्रत्येक फोनला तो नव्याने ठरतो.

व्हिसाबद्दल मोजके. थाई बायकोच्या परदेशी नवऱ्याला वर्षाच्या मुदतवाढीसाठी फक्त स्वतःच्या नावावरील थाई खात्यात ४ लाख बाट अर्जाआधी २ महिने, किंवा दरमहा ४० हजारांचे उत्पन्न दाखवावे लागते. शुल्क १,९०० बाट. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, उशीर झाला तर दंड. रजेला भारतात जाताना पुनर्प्रवेश परवाना घेतला नाही, तर ती मुदतवाढ विमानतळावरच संपते. चुकणारे बहुतेक इथेच चुकतात.

बाळाचा जन्म १५ दिवसांत आम्फोत नोंदवा आणि नाव घराच्या नोंदपुस्तिकेत, ताबियन बानमध्ये, लगेच घाला. आईबाप विवाहबद्ध नसतील तर बापाला आपोआप कायदेशीर हक्क मिळत नाही, वेगळी नोंद करावी लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे थाई पासपोर्ट काढला तर मुलासाठी ओसीआय, म्हणजे भारताचे परदेशस्थ नागरिक कार्ड, हा मार्ग उरतो. एक पालक भारतीय नागरिक असेल तर अल्पवयीन मुलाला तो खुला आहे.

शाळेचे वर्ष मेच्या मध्यात सुरू होते. अनुबान (बालवाडी) ३ वर्षे, मग प्रथोम (प्राथमिक) ६, मत्तयोम (माध्यमिक) ६. सक्तीचे शिक्षण ९ वर्षे. मागणी असलेल्या सरकारी शाळा परिसरातल्या मुलांना आधी घेतात आणि त्याचा पुरावा म्हणजे ताबियन बान, म्हणून पत्ता अर्जाच्या बऱ्याच आधी बदलून ठेवा. लिपी वाचता येत नसेल तर पालकांच्या ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या गटातली गणवेश-गृहपाठाची सूचना जोडीदारानेच वाचायला हवी, हे काम स्पष्ट वाटून घ्या. १२ ऑगस्टला, मातृदिनी, मुले आईच्या पायाशी वाकतात. परदेशी आईनेही जावे, नाहीतर मूल एकटे पडते. जूनमधल्या वाय ख्रूसाठी, म्हणजे गुरुवंदनेसाठी, तबकात वांग्याचे फूल, रुग्मिणीचे फूल आणि दूर्वा लागतात. हो, आपल्याच दूर्वा. त्या दिवशी सकाळी शोधत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी आणा.

मुलगा असेल तर सैन्यभरतीचे डोक्यात ठेवा. थाई नागरिक तरुणाला २१ व्या वर्षी एप्रिलच्या सोडतीत जावे लागते. मत्तयोम ४ ते ६ मध्ये ‘रो दो’चे, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या राखीव सैनिकी शिक्षणाचे, तीन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण केले तर सुटका होते. मत्तयोम ४ ला शाळा निवडताना ही सोय आहे का, ते कार्यालयात विचारून घ्या.